पत्र निघालं, पाणीही निघालं

शुक्रवार, २० जुलै २०१८

बांधाच्या माथ्यावर, मधोमध, माती ११ सेंटीमीटर खचलेली आढळली. म्हणजे अर्धी वीत. मातीचा नवा बांध थोडाफार बसतोच, पावसात तर बसतोच बसतो. तिथल्या लोकांनीही तसंच धरलं आणि नजर ठेवायची एवढं ठरवून दिवस संपवला.

जागा दक्षिण लाओसमधली, बोलावेन पठारावरची. ज्वालामुखीच्या बेसाल्टचं हे पठार. वर लाल माती, थंड हवा, कॉफीचे मळे. इथलं पाणी वरच अडवायचं, बोगद्यातून सहाशे मीटरहून जास्त खाली सोडायचं आणि त्यावर ४१० मेगावॉट वीज करायची, असा हा से-पियान से-नाम्नॉय प्रकल्प. खर्च सुमारे एक अब्ज डॉलर. भागीदार चार: दक्षिण कोरियाची एसके इंजिनिअरिंग अँड कन्स्ट्रक्शन, तिथलीच कोरिया वेस्टर्न पॉवर, थायलंडची रॅच आणि लाओस सरकारची एक कंपनी. एसकेने बांधायचं, कोरिया वेस्टर्नने चालवायचं आणि सुमारे ९० टक्के वीज थायलंडने विकत घ्यायची. लाओसला ‘आग्नेय आशियाची बॅटरी’ व्हायचं होतं. बॅटरीतली वीज बहुतेक शेजाऱ्याकडेच जायची, पण त्याबद्दल फारशी कुणाची तक्रार नव्हती. असली तरी त्या देशात ती छापून येत नाही.

जलाशय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक मोठी भिंत येते. पण पठारावरच्या तळ्याच्या काठाला जिथे जिथे डोंगराची कड खाली उतरते, तिथे तिथे पाणी पळून जाऊ शकतं. या खिंडी बुजवायला पूरक बांध घालतात. अभियंते त्यांना सॅडल डॅम म्हणतात. त्यांतल्या एकाचं नाव ‘डी’. लांबी ७७० मीटर, उंची १६ मीटर, माथ्याची रुंदी ८ मीटर, आणि सगळा मातीचा. कोयनेच्या १०३ मीटर उंच भिंतीशेजारी ठेवला तर शेततळ्याची पाळच वाटावा. पण भिंत बुटकी म्हणून तिच्यामागचं पाणी थोडं असतं असं नाही. जलाशयाची क्षमता सुमारे एक अब्ज घनमीटर होती.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मुख्य धरण से-नाम्नॉय नदीवर, पण ‘डी’ची पाठ होती से-पियानच्या खोऱ्याकडे. तो फुटला तर पाणी आपल्या नदीने जाणार नव्हतं, दुसऱ्याच नदीत उतरणार होतं. त्या नदीकाठच्या गावांनी हा जलाशय कधी पाहिला असण्याचं काही कारणच नव्हतं.

शनिवार, २१ जुलै

पाऊस. दोन-तीन दिवसांपूर्वी उत्तर व्हिएतनामवर आदळलेलं सोन-तिन्ह वादळ ओसरलं होतं, पण ढग होतेच, आणि मोसमी वाऱ्यांचा हंगाम तर ऐन भरात.

जलाशय पहिल्यांदाच असा भरत होता. धरणाच्या आयुष्यातला हा सगळ्यात नाजूक काळ. भिंतीच्या पोटात, पायात, बगलेत जे काही चुकलेलं असतं ते पहिल्या भरणीत पाणी शोधून काढतं. मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला फुटलेलं पानशेतही मातीचंच होतं, पहिल्याच पावसाळ्यात भरत होतं, काम पुरतं झालेलं नव्हतं, आणि फुटण्याआधी त्याचाही माथा खचला होता. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली होती. जुलै महिना, माती, खचलेला माथा, पाऊस. सत्तावन्न वर्षांनी, दुसऱ्या देशात, क्रम तोच.

रविवार, २२ जुलै, दिवसा

माथ्यावर आता एक नव्हे, दहा ठिकाणी माती बसलेली होती. दुरुस्तीला माणसं निघाली. पावसामुळे काम होऊ शकलं नाही.

रविवार, रात्री ९

बांधाच्या वरच्या भागातली काही माती वाहून गेल्याचं लक्षात आलं. निदान एसके कंपनीने पुढे जाहीर केलेला घटनाक्रम इथून सुरू होतो. शुक्रवारची अर्धी वीत आणि रविवारच्या दहा जागा हा तपशील आला तो दुसऱ्या भागीदाराकडून, कोरिया वेस्टर्न पॉवरने दक्षिण कोरियाच्या संसदेतल्या खासदारापुढे ठेवलेल्या माहितीतून. एकाच बांधाला दोन कंपन्यांची दोन घड्याळं होती, आणि बांधणाऱ्याचं घड्याळ चालवणाऱ्याच्या घड्याळापेक्षा दोन दिवस उशिरा सुरू झालं. अपघातानंतरचे घटनाक्रम वाचताना मी आधी वेळा पाहत नाही, ते कुणी लिहिलेत ते पाहतो.

एसकेच्या म्हणण्यानुसार त्यांनी रात्रीच अधिकाऱ्यांना कळवलं आणि बांधाजवळच्या वस्त्यांतली माणसं हलवायला सुरुवात झाली. जवळच्या वस्त्यांतली. खालच्या नव्हे.

सोमवार, २३ जुलै, पहाटे ३

मुख्य धरणातून से-नाम्नॉय नदीत विसर्ग सुरू केला. ‘डी’वरचा भार कमी करायचा तर जलाशयाची पातळी उतरवायला हवी, आणि ती उतरवायला दुसरा मार्ग नव्हता. पण एवढा मोठा जलाशय काही तासांत उतरत नाही. वरून पाऊस पडत होता तो वेगळाच.

पहाटे तीनला खाली, अत्तापू प्रांतातल्या सनामसाय जिल्ह्यात, से-पियानच्या काठची गावं झोपेत असणार. हिनलाद, माय, थासेंगचान, थाहिन, सामोंग अशी त्यांची नावं. या गावांत काय होतं, हे इथेच सांगितलेलं बरं. नंतरच्या बातम्यांत त्या सगळ्याला एकच शब्द आला: मालमत्ता.

घरं लाकडी, खांबांवर उचललेली. खालच्या मोकळ्या जागेत दिवसाचा सगळा संसार: डुकरं, कोंबड्या, माग, झोपाळा, मासेमारीची जाळी, मागून चालत धरायचा छोटा ट्रॅक्टर. घराशेजारी, तेही खांबांवरच, भाताचं कोठार. जुलै म्हणजे लावणीचा हंगाम, म्हणून कोठारात गेल्या वर्षीचा चिकट तांदूळ उतरणीला लागलेला आणि शेतात नव्या रोपांचे चौकोन. पैसा म्हणाल तर तो फारसा बँकेत नसतो. तो गोठ्यात असतो. मुलाच्या लग्नाला किंवा दवाखान्याला जी विकायची ती म्हैस, एवढी साधी ठेव. म्हशीचा विमा कुणी उतरवत नाही आणि तिची नोंद कुठल्या पासबुकात नसते.

नदीला पूर येतोच, दरवर्षी येतो. घर खांबांवर असतं ते त्यासाठीच. पाणी चढायला लागलं की खालच्या वस्तू वर न्यायच्या, जनावरं उंचवट्यावर बांधायची, होडी जिन्याला बांधायची आणि दोन दिवस वर बसून काढायचे. पिढ्यान्‌पिढ्या हे शहाणपण कामी आलं होतं. ‘पाणी वाढणार आहे’ असं कुणी सांगितलं तर या गावांत त्याचा अर्थ एकच होता: पोती वर घ्या. ‘घर सोडा’ असा अर्थ त्यातून निघत नव्हता. या रात्री नेमका तोच अर्थ हवा होता.

सोमवार, सकाळी ११

माथा एक मीटर खचला.

शुक्रवारी अर्धी वीत, आज कमरेइतकं. कोरिया वेस्टर्नच्या माहितीप्रमाणे आपत्कालीन विसर्ग आणि गावं हलवण्याची विनंती हे दोन्ही या सुमाराला झालं. म्हणजे विसर्गाच्या वेळेतही दोन घड्याळांत आठ तासांचं अंतर.

प्रकल्पाच्या पुनर्वसन कार्यालयातून दोन प्रांतांच्या अधिकाऱ्यांना पत्र गेलं. आशय असा: ‘डी’ अत्यंत धोकादायक अवस्थेत आहे, तो फुटला तर सगळं पाणी से-पियानमध्ये उतरेल, तेव्हा नदीकाठच्या लोकांना उंच जागी हलायला सांगावं. पत्रात काही आडपडदा नव्हता. नंतर त्याची छायाचित्रं जगभर फिरली आणि ते वाचून अनेकांना वाटलं की चला, कळवलं तरी होतं.

पण कळवणं म्हणजे काय, ते पाहा. पत्र लिहिणारं कार्यालय प्रकल्पाचं. ते जातं प्रांताच्या कचेरीत. तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून गावप्रमुखाला (तिथे त्याला नायबान म्हणतात), आणि त्याने मग घरोघरी किंवा कर्ण्यावरून. पावसात, मातीच्या रस्त्यांवरून, जिथे ओढे आधीच भरलेले आहेत. आपल्याकडेही ‘नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा’ हे वाक्य दर पावसाळ्यात छापून येतं. तो इशारा शेवटच्या घरापर्यंत कुणी नेला, हे त्या बातमीत कधीच नसतं.

सोमवार, दुपारी १२

खालच्या गावांना हलण्याची सूचना द्या, असं सरकारी यंत्रणेकडून सांगितलं गेलं. ही वेळही कंपनीच्याच घटनाक्रमातली. बांध फुटायला आठ तास होते.

दुपारी २.३०

दुरुस्तीची यंत्रं जमवली. बांधाची आतली बाजू खचत होती. यंत्रं तशीच राहिली.

संध्याकाळी ६

बांधाचं आणखी नुकसान झाल्याची खात्री झाली. त्या भागात जुलैत साडेसहाच्या पुढे अंधार पडू लागतो.

रात्री ८

‘डी’ फुटला.

त्याच्या पोटात काय झालं ते पुढच्या वर्षी कळलं. सरकारने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांच्या समितीत मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे माजी अध्यक्ष अँटोन श्लाइस होते. बांध ज्या मातीवर उभा होता ती जांभ्या जातीची, पाणी सहज जाऊ देणारी आणि काही थरांत धुपून जाणारी. जलाशय चढत गेला तसं पाणी पायाखालून वाट काढत गेलं, बारीक कण घेऊन गेलं, माती मऊ पडली, आणि मग बांधाचा सगळ्यात उंच भाग खोलवरून फिरत, घसरत निघाला. वरून दिसत होतं ते माथा खचणं. खरा बांध तळातून गेला होता.

जांभा म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. तिथलाही दगड बेसाल्टपासूनच झालेला. सड्यावर कितीही पाऊस पडो, पाणी वर थांबत नाही. ते जांभ्यातून झिरपतं आणि खाली कुठेतरी वहाळाला लागतं. अशा जमिनीवर पाणी अडवायचं असेल तर आधी खालचा पाझर अडवावा लागतो. हे ज्ञान गुप्त नाही आणि नवीनही नाही.

रात्री ८ नंतर

पठाराच्या कडेवरून पाणी खाली कोसळलं आणि से-पियानमध्ये शिरलं. वाटेतली झाडं आणि लाल माती घेऊन आलं. एसकेच्या घटनाक्रमात पहिलं गाव बुडाल्याची वेळ मध्यरात्रीनंतरची, १.३० ची आहे. वाचलेल्यांपैकी कित्येकांनी मात्र पाणी त्याआधीच, रात्र पडता पडता आल्याचं सांगितलं. काहींना तास-दोन तास आधी निरोप मिळाला होता, काहींना पाणी दिसलं तेव्हाच कळलं. मिळालेला निरोपही बहुतेकांनी नेहमीच्या पुराचाच मानला असणार.

दरवर्षीचा पूर पायरी पायरीने येतो. हा तसा आला नाही. खांबांवरचं घर पाण्यात उभं राहायला बांधलेलं असतं, पाण्याचा आणि त्यातल्या ओंडक्यांचा धक्का सोसायला नव्हे. माणसं छपरांवर चढली. छपरं गेली तेव्हा झाडांवर चढली. ज्यांच्याकडे होडी होती ती अंधारात, पावसात, कुठल्या दिशेला न्यायची ते दिसत नव्हतं. म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं सगळ्यात आधी हातातून सुटली.

मंगळवार, २४ जुलै, सकाळी ९.३०

एसकेच्याच नोंदीप्रमाणे या वेळेपर्यंत सात गावं पाण्याखाली होती. हेलिकॉप्टरमधून घेतलेली चित्रं त्या दिवशी जगाने पाहिली: तांबड्या पाण्यात छपरांच्या कडा, आणि त्या कडांवर बसलेली माणसं.

पंतप्रधान थाँगलुन सिसोउलित मंत्रिमंडळाची बैठक थांबवून अत्तापूला गेले. सनामसायच्या शाळांमध्ये छावण्या उघडल्या. थायलंडमधून बचावपथकं आली. दोनच आठवड्यांपूर्वी थाम लुआंगच्या गुहेतून बारा मुलांची आणि त्यांच्या प्रशिक्षकाची सुटका झाली होती, आणि तिथला पाणी उपशाचा सल्ला द्यायला महाराष्ट्रातल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञही गेले होते. त्या गुहेच्या तोंडाशी जगभरचे कॅमेरे तळ ठोकून होते. सनामसायच्या वाटेला त्यांतले थोडेच आले आणि ते फार दिवस थांबले नाहीत.

पुढचे दिवस

पाणी से-पियानमधून से-काँगमध्ये गेलं आणि सीमा ओलांडून कंबोडियात उतरलं. तिथल्या स्टुंग त्रेंग प्रांतात हजारो लोकांना घरं सोडावी लागली. त्यांना तर कुणी पत्रही लिहिलेलं नव्हतं. नदीला सीमा नसते हे खरं, पण इशाऱ्याला असते.

अत्तापूमध्ये आणखी एक भीती होती. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हो ची मिन्ह मार्ग याच प्रांतातून जायचा, आणि अमेरिकेने टाकलेले, न फुटलेले बॉम्ब अजूनही जमिनीत आहेत. साफ केलेल्या शेतांवर पुराने नवा गाळ पसरला, आणि त्या गाळातून काय आलं असेल याची खात्री पुन्हा शून्यापासून करावी लागणार होती.

अधिकृत आकडा मृत आणि बेपत्ता मिळून ७१. सहा हजारांहून अधिक माणसं बेघर. या आकड्यांबरोबर आणखी एक आकडा जगभर छापला गेला: पाच अब्ज घनमीटर पाणी सुटलं. तो आजही जागोजागी सापडतो. जलाशयाची सगळी क्षमताच सुमारे एक अब्ज असताना त्यातून पाच अब्ज कसं सुटेल, हा प्रश्न बातमी देणाऱ्यांपैकी फार थोड्यांना पडला. तो आकडा बहुधा घाईच्या पत्रव्यवहारातून आला. खरं सुटलेलं पाणी त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास असावं, आणि तेवढं पुरलं.

तज्ज्ञ समितीचा निष्कर्ष २८ मे २०१९ ला जाहीर झाला. बांध फुटला तेव्हा जलाशयाची पातळी माथ्याच्या खाली होती. पाणी वरून वाहिलंच नव्हतं. त्यामुळे या घटनेला दैवी आपत्ती मानता येणार नाही, असं समितीने म्हटलं. एसकेने तो निष्कर्ष मान्य केला नाही. मुसळधार पावसाचं कारण पहिल्या दिवसापासून पुढे केलं जात होतं, आणि पावसाला कधी नोटीस पाठवता येत नाही.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, २ जुलै २०१९ च्या रात्री, चिपळूण तालुक्यात तिवऱ्याचं मातीचं धरण फुटलं आणि भेंदवाडीची घरं माणसांसह वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केलेल्या होत्या. तिथे पावसाऐवजी खेकडे पुढे करण्यात आले, तेही मंत्र्यांच्या तोंडून.

लाओस सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये नव्या जलविद्युत प्रकल्पांचा विचार थांबवून बांधून झालेल्या धरणांची तपासणी जाहीर केली, पण काम चालू असलेली मोठी धरणं चालूच राहिली. भरपाईच्या याद्या करायला माणसं छावण्यांत फिरली. माणूस गेला तर किती आणि घर गेलं तर किती हे ठरवता येतं. म्हशी किती होत्या, कोठारात भात किती होता, जमीन नेमकी कुठून कुठपर्यंत होती, हे सांगायला मात्र दावा करणाऱ्याच्या शब्दाशिवाय काही उरलेलं नव्हतं. खांब गेले होते, शेतांचे बांध गेले होते, साक्षीदार शेजारीही काही ठिकाणी गेले होते.

प्रकल्पाने डिसेंबर २०१९ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू केली. पुरानंतर तीन वर्षं उलटली तरी से-पियानकाठची अनेक कुटुंबं तात्पुरत्या छावण्यांतच राहत होती.